दातांवरचे डाग आणि बोरिंगचे पाणी



आरोग्यकामाविषयी या अंकासाठी काहीतरी लिहा, असे संपादकांनी कळवले, तेव्हा मुलांचे दात आणि पिण्याचे पाणी हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. दर नाताळला निरनिराळ्या मंडळ्यांकडून आपल्या वसतिगृहासाठी खोकी येतात. त्यांत स्वेटर, वह्या, बिस्किटे असतात आणि जवळजवळ प्रत्येक खोक्यात टूथब्रश व पेस्ट असतेच. शब्बाथ शाळेच्या मुलांनी खाऊचे पैसे साठवून ती घेतलेली असतात, हे मला माहीत आहे. त्यांचे मनापासून आभार. पण आमच्या भागातल्या पुष्कळ मुलांच्या दातांचा प्रश्न ब्रशने सुटणारा नाही. हे कळायला मला स्वतःला तेरा वर्षे लागली, आणि कळेपर्यंत मी कितीतरी मुलांना विनाकारण बोलले.

आमचे काम यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पांढरकवडा आणि झरी जामणी या तालुक्यांतल्या कोलाम वस्त्यांवर चालते. महाराष्ट्रात कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम अशा तीन जमाती सरकारने आदिम म्हणून नोंदवल्या आहेत. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. पंचवीस-तीस घरे, कुडाच्या भिंती, भोवती कापसाची आणि तुरीची शेते, आणि मूळ गावापासून थोडे दूर. मी सांगणार आहे ते अशाच एका पोडाविषयी. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण तिथल्या मुलींची लग्ने व्हायची आहेत.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या पोडावरची बारा वर्षांची एक मुलगी वसतिगृहात होती. अभ्यासात बरी, गाण्यात पुढे, पण हसताना नेहमी तोंडावर हात. पुढचे दात पिवळे-तपकिरी, मधूनच खडूसारखे पांढरे पट्टे. ‘‘दात घासत नाहीस ना नीट?’’ असे मी तिला किती वेळा म्हटले असेन, त्याची मोजदाद नाही. ती बिचारी राखुंडीने, कोळशाने, एकदा तर विटेच्या भुकटीने हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासायची. डाग तसेच राहायचे.

त्या वर्षी नागपूरहून एक दंतवैद्य दोन दिवसांच्या शिबिरासाठी आले. मुलीला घेऊन तिचा थोरला भाऊ आला होता, वय एकवीस. त्याचे दात खर्ऱ्याने लालभडक. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेले मिश्रण. इकडे ते पानाच्या टपरीवर पन्नीत घोळून देतात. भाऊच म्हणाला, ‘‘बाई, मी खर्रा खातो तं माहे दात खराब. हे तं काहीच खात नाही, मग हिचे कायले असे?’’

डॉक्टरांनी दोघांना शेजारी बसवले. भावाच्या दातावरून अवजार फिरवले, तर लाल थर खरवडून निघाला आणि खाली स्वच्छ पांढरा दात दिसला. बहिणीच्या दातावरून तेच अवजार फिरवले, तर काहीच निघाले नाही. डाग दातावर नव्हता, दाताच्या आत होता. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, ‘‘सिस्टर, हा मळ नाही. ही मुलगी आठ वर्षांची होईपर्यंत कुठले पाणी प्यायली?’’

मी उत्तर दिले आणि देता देताच माझ्या पोटात गोळा आला. ती बोरिंगचे पाणी प्यायली होती. (इतर ठिकाणी ज्याला हापशी म्हणतात त्याला इकडे बोरिंगच म्हणतात.) ते बोरिंग तिच्या जन्माच्या आदल्या वर्षी झाले होते, आणि ते आपल्याच संस्थेने, आपल्याच देणगीदारांच्या पैशांतून खणून दिले होते. ओट्यावर तशी फरशीही आहे. भाऊ त्या वेळी आठ वर्षांचा होता. तो लहानाचा मोठा झाला तो जुन्या विहिरीच्या पाण्यावर. घर एक, चूल एक, राखुंडी एक. फरक फक्त पाण्याचा.

त्या संध्याकाळी आम्ही वसतिगृहातल्या सगळ्या मुलांचे दात पाहिले आणि कुठल्या वस्तीचे मूल ते लिहीत गेलो. डाग असलेली बहुतेक मुले दोन पोडांवरची निघाली. दोन्हीकडे पिण्यासाठी बोरिंग होते. शेजारच्याच ज्या वस्तीत अजून विहिरीचे पाणी पीत होते, तिथल्या मुलांचे दात स्वच्छ होते. किडलेले होते, पण डाग नव्हते.

पाण्यात असते ते फ्लोराइड. काही खडकांत ते मुळातच असते, आणि पाणी जितके खोल व जितका जास्त काळ त्या खडकाला लागून राहील तितके ते पाण्यात उतरते. वरच्या थरातले, दर पावसाळ्यात नवे भरणारे विहिरीचे पाणी म्हणूनच बहुधा बरे असते आणि खोल बोरचे पाणी धोक्याचे असू शकते. प्रत्येक बोरचे असते असे नाही. दोन बोर एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असूनही एकाचे पाणी चांगले व दुसऱ्याचे वाईट, असे घडते. पांढरकवड्याच्या परिसरातल्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, हे भूजलतज्ज्ञांनी फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. आम्ही ते वाचलेले नव्हते, इतकेच.

फ्लोराइड थोडे असेल तर ते दातांना उपकारकच असते. दात किडण्यापासून ते वाचवते, म्हणूनच ते पेस्टमध्ये घालतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ आहे. आपण मात्र १ च्या आतच राहावे, असे मला वाटते. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि शेतात राबणारी माणसे थंड देशातल्या माणसांपेक्षा किती तरी जास्त पाणी पितात. पाणी जास्त, तर त्यातून पोटात जाणारे फ्लोराइडही जास्त.

लहान मुलांचा हिशोब तर आणखी वेगळा आहे. साठ किलोचा माणूस दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला, तर किलोमागे ५० मिलिलिटर होते. दहा किलोच्या मुलाच्या पोटात पेज, वरणाचे पाणी आणि पिण्याचे पाणी मिळून एक लिटर गेले, तर किलोमागे १०० मिलिलिटर. एकाच माठातले पाणी, पण बाळाच्या वाट्याला दुप्पट.

आता दातांचे. आपल्याला दिसतात ते दुधाचे दात, पण त्यांच्या खाली जबड्यात कायमचे दात आधीपासून घडत असतात. वरच्या पुढच्या दोन कायमच्या दातांवर कवच चढायला बाळ तीन-चार महिन्यांचे असतानाच सुरुवात होते आणि ते काम चार-पाच वर्षांपर्यंत चालते. मागच्या दाढांचे सात-आठ वर्षांपर्यंत. या काळात फ्लोराइड जास्त गेले, तर कवच नीट घट्ट होत नाही, सच्छिद्र राहते. दात बाहेर येतो तेव्हा खडूसारखा दिसतो. मग चहा, हळद, भाजी यांचा रंग त्या छिद्रांत मुरतो आणि तो पिवळा, तपकिरी होत जातो. आठ वर्षांनंतर कितीही फ्लोराइड पोटात गेले तरी दातांवर नवा डाग येत नाही. आलेला डाग घासूनही जात नाही.

म्हणूनच आमची फसगत झाली. बोरिंग झाल्यावर जन्मलेल्या मुलांचे दुधाचे दात चांगलेच दिसत होते, कारण दुधाच्या दातांचा बराचसा भाग आईच्या पोटातच घडून झालेला असतो आणि त्यांवर परिणाम कमी होतो. डाग दिसले ते कायमचे दात आल्यावर, म्हणजे बोर खणल्यानंतर सात-आठ वर्षांनी. इतक्या वर्षांनी त्या दोन गोष्टी कोण जोडणार? सातव्या वर्षी मुलाच्या तोंडात जे दिसते, ते त्याने पहिल्या दोन-तीन वर्षांत प्यालेले पाणी असते.

या कोड्यापुढे अडलेले आम्ही पहिले नव्हतो, हे पुढे वाचनात आले. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचे तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावी आले, तेव्हा तिथल्या मुलांच्या दातांवर असेच तपकिरी डाग त्यांना दिसले. कोणी म्हणे डुकराचे मांस जास्त खाल्ल्याने, कोणी म्हणे दूध वाईट म्हणून. मॅके यांच्या लक्षात आले की जे लोक मोठेपणी गावात राहायला आले त्यांना डाग नाहीत, तिथेच जन्मलेल्यांना आहेत. पुढे १९२३ मध्ये ते आयडाहो राज्यातल्या ओकली या छोट्या गावी गेले. गावाने लांबच्या उन्हाळ्याच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरून नवी पाइपलाइन आणली होती आणि त्यानंतर मुलांच्या दातांवर डाग येऊ लागले होते. हे आयांनीच ओळखले होते. मॅके यांनी ती पाइपलाइन सोडून दुसऱ्या झऱ्याचे पाणी घ्यायला सांगितले. गावाने ऐकले, आणि काही वर्षांनी धाकट्या मुलांचे दात स्वच्छ येऊ लागले. पाण्यात नेमके काय आहे ते तोवर कोणालाच माहीत नव्हते. ते १९३१ मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञाने शोधून काढले. आपल्या देशात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो १९३७ साली, तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात.

ओकलीच्या आयांची गोष्ट मी आमच्या बायकांच्या सभेत पुष्कळदा सांगते. शिकलेल्यांच्या आधी त्यांनी ओळखले, हे त्यांना आवडते.

दात हा प्रश्नाचा छोटा भाग आहे. डागाळलेल्या दातांनी माणूस जेवू शकतो. पण पाणी बदलले नाही तर तेच फ्लोराइड वर्षानुवर्षे हाडांत साठत जाते. आधी सांधे आणि कंबर दुखते, मग मान वळत नाही, पाठ ताठते, उकिडवे बसता येत नाही. कोलामांच्या घरी बसायला पाट-खुर्ची कुठली! ज्याला उकिडवे बसता येत नाही त्याला ना कापूस वेचता येतो, ना शेतात जाऊन शौचाला बसता येते. आमच्या पोडावर दोन-तीन वयस्कर माणसे अशी आहेत. इतकी वर्षे आम्ही त्यांना म्हातारपणाच्या आणि कष्टाच्या दुखण्यावरच्या गोळ्या देत होतो. मुलांतही हाडांवर परिणाम होतो. आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) नलगोंडा भागात गुडघे एकमेकांवर घासावेत असे पाय वाकलेली मुले १९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या डॉक्टरांनी पाहिली आणि त्यावर लिहिले. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी, त्यांच्यावर हा मार जास्त बसतो. आमच्या मुलांच्या जेवणात ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, कधी तुरीचे वरण. दूध जवळपास नाहीच. चहा मात्र दिवसातून तीनदा, आणि तोही काळा. चहाच्या पत्तीतही फ्लोराइड असते, हे मला पूर्वी ठाऊक नव्हते.

मग बोरिंग बंद करून टाकायचे का?

इथे मला जरा थांबून दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर ज्यांनी ते बोरिंग दिले त्यांच्यावर अन्याय होईल. बोर होण्याआधी त्या पोडाची विहीर उघडी, बिनकठड्याची होती. पावसाळ्यात शेतातले पाणी थेट आत यायचे. जुलै-ऑगस्टमध्ये ढाळ-वांत्या ठरलेल्याच. मी नोकरीला लागले त्या पावसाळ्यात तिथली दोन लेकरे दोन दिवसांच्या अंतराने गेली. एकाला मी स्वतः बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणत होते. बोरिंग झाल्यावर ते थांबले. देणगीदारांना तेव्हा आम्ही लिहिले होते की तुमच्या दानाने मुलांचे जीव वाचले. ते खोटे नव्हते.

एका पाण्यात जंतू, दुसऱ्यात फ्लोराइड. निवड करायची तर आम्हाला एक गोष्ट समजून घ्यावी लागली, आणि ती प्रत्येक वाचकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. जंतू मारता येतात. पाणी उकळा, ब्लीचिंग पावडर घाला, काम होते. फ्लोराइड मात्र उकळून जात नाही. उलट पाणी आटते आणि त्याचे प्रमाण वाढते. कपड्याने गाळून, मेणबत्तीच्या फिल्टरने, नुसत्या तुरटीने किंवा घरोघरी असतात त्या अतिनील किरणांच्या यंत्राने ते निघत नाही. निर्गमातल्या लोकांना मारा येथील पाणी तोंडात घेताच कडू लागले. या पाण्याला चव नाही, वास नाही, रंग नाही. दिसायला ते विहिरीच्या पाण्यापेक्षा कितीतरी नितळ.

फ्लोराइड काढण्याचे उपाय आहेत. नागपूरच्या नीरी या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून पाणी निवळायची पद्धत शोधली, तीच नलगोंडा पद्धत. ती स्वस्त आहे, पण रोज मापाने तुरटी-चुना घालून ढवळायचे, तासभर निवळू द्यायचे आणि वरचे पाणी काढून घ्यायचे. पहाटे पाचला कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला हे रोज जमत नाही. आम्ही काही घरांना ॲल्युमिनाचे फिल्टरही दिले होते. पहिले काही महिने उत्तम चालले. मग आतला माल पुन्हा ताजा करावा लागतो, ते काम लांबत गेले, आणि वर्षाच्या आत त्या डब्यांत लोक तांदूळ ठेवू लागले. आरओ यंत्राने फ्लोराइड निघते, पण त्याला वीज लागते आणि बरेच पाणी वाया जाते. दूषित पाणी शुद्ध करत बसण्यापेक्षा चांगले पाणी शोधणे सोपे, हे आम्ही असे पैसे घालवून शिकलो.

म्हणून आम्ही त्याच जुन्या विहिरीकडे परत गेलो. आधी दोन्ही पाण्यांचे नमुने भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत दिले. फ्लोराइडसाठी नमुना काचेच्या नाही, प्लास्टिकच्या बाटलीत न्यायचा असतो, कारण फ्लोराइड काचेला धरते. बोरिंगचे पाणी मर्यादेच्या दुपटीहून अधिक निघाले, विहिरीचे मर्यादेच्या पुष्कळ आत. मग विहिरीचा गाळ काढला, कठडा बांधला, भोवती सिमेंटचा ओटा केला, वर जाळी आणि गिरकी बसवली, म्हणजे प्रत्येकीची बादली आणि दोर आत जायला नको. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून टीसीएल पावडर नियमित पडते की नाही, हे पाहायला दोन बायका नेमल्या. बोरिंगला लाल रंग दिला. त्याचे पाणी धुण्याला, आंघोळीला, गुरांना. पिण्याला आणि स्वयंपाकाला नाही.

लिहायला ही चार वाक्ये, पण प्रत्यक्षात भांडणच होते. बोरिंग घरांच्या मधोमध, विहीर उतारावर लांब. एक आजी मला सगळ्यांसमोर म्हणाली, ‘‘बाई, तुम्हीच बोरिंग देल्लं, अन् आता तुम्हीच त्याले लाल रंग लावता. तवा खरं बोलत होता का आता?’’ मी म्हटले, ‘‘आजी, तेव्हा मला माहीत नव्हते.’’ त्यावर ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिचीच सून विहिरीवर पहिली आली. त्या दिवशी पाळकसाहेबांनी आणि मी मिळून देणगीदार कुटुंबाला पत्र लिहिले. ज्यांच्या आठवणीसाठी ते बोर दिले होते त्या गृहस्थांच्या पत्नी तेव्हा हयात होत्या. आठवड्यात त्यांचे उत्तर आले आणि सोबत विहिरीच्या कठड्यासाठी पैसे. फरशी बोरिंगवरून काढून विहिरीवर लावावी का, असे आम्ही विचारले होते. त्यांनी लिहिले, आहे तिथेच राहू द्या.

विहीर एप्रिलमध्ये आटते, हा आमचा अजूनही न सुटलेला प्रश्न आहे. त्या दोन-अडीच महिन्यांसाठी शाळेच्या छतावरचे पावसाचे पाणी साठवतो. पावसाच्या पाण्यात फ्लोराइड जवळजवळ नसते. छत साठ चौरस मीटरचे आहे. वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला तर त्यावर ५४ हजार लिटर पाणी पडते. आमच्याकडे टाकी मात्र १० हजार लिटरचीच. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यायचे, छत धुऊन निघू द्यायचे, मग टाकी भरायची आणि कुलूप लावायचे. एप्रिलमध्ये ते उघडून आठ वर्षांखालच्या तीस मुलांना प्रत्येकी पाच लिटर, पिण्यासाठी आणि त्यांच्या अन्नासाठी. दिवसाला १५० लिटर, म्हणजे ६५-६६ दिवस पुरते. मोठी माणसे त्या काळात टँकरचे, नाहीतर लाल बोरिंगचेच पितात. हे मला पटत नाही, पण पाणी तेवढेच आहे, आणि ज्यांचे दात-हाडे घडायची आहेत त्यांना आधी, असे पोडाच्या बैठकीत लोकांनीच ठरवले.

पाण्याबरोबर खाण्याचेही थोडे केले. पावसाळ्यात रानभर उगवणारा तरोटा कॅल्शियमने भरलेला असतो. त्याची भाजी कोलामांना नवी नाही. नव्या पिढीने गरिबीची भाजी म्हणून टाकली होती. चिंच आहेच. चिंचेने लघवीवाटे फ्लोराइड जास्त बाहेर पडते, असे हैदराबादच्याच पोषण संस्थेने तपासून पाहिले आहे. आवळा, शेवग्याचा पाला, आणि आठवड्याच्या बाजारातून आणलेल्या रंगीत शरबताच्या पिशवीऐवजी घरचे पाणी. हे शरबत दातांना डाग पाडत नाही, पण कीड लावते, आणि आमच्या मुलांना दोन्ही आहेत. बाळंतिणींना मात्र आम्ही एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगतो. सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही, घुटी नाही, पाण्याचा थेंबही नाही. आई फ्लोराइडचे पाणी पीत असली तरी तिच्या दुधात ते अगदी थोडे उतरते. पाण्यातून बाळाला जे मिळाले असते, त्यापासून ते तिच्या दुधामुळे वाचते.

पेस्टविषयीही सांगायला हवे, कारण तुम्ही ती पाठवता. सहा वर्षांखालची मुले पेस्ट थुंकत नाहीत, गिळतात. जिथे पाण्यातच फ्लोराइड जास्त, तिथे लहानग्यांना फ्लोराइड नसलेली पेस्ट द्यावी, किंवा नुसता ओला ब्रश. मोठ्या मुलांना वाटाण्याएवढी, आणि थुंकून चूळ भरायची. ब्रश जरूर पाठवा. त्याने कीड कमी होते.

शहरातल्या वाचकांनाही एक विचारते. तुमच्या सोसायटीत बोअरवेल असेल, तर तिच्या पाण्याची तपासणी शेवटची केव्हा झाली? आणि आपल्या मंडळीने कापणीच्या सणाच्या दानातून कुठे बोर द्यायचे ठरवले, तर खणण्याच्या खर्चातच पाणी तपासणीचे पैसे धरा. तपासणीचा कागद हाती येईपर्यंत उद्घाटनाची तारीख ठरवू नका. दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर पुन्हा तपासा. बोरच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. आता जलजीवन मिशनमधून पुष्कळ गावांत नळ आले आहेत. लोक म्हणतात, नळ आला, आता काळजी मिटली. नळ आला हे चांगले झाले. पण नळात पाणी कुठून येते हे विचारावे. तलावातून, नदीतून की गावातल्याच खोल बोरमधून? या योजनेत गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायची पेटी वापरायला शिकवतात. पाण्यात थेंब टाकले की रंग गुलाबी राहतो की पिवळ्याकडे झुकतो, एवढेच पाहायचे.

आमच्या पोडाच्या गावातल्या त्या पाच जणींत एक ती मुलगी आहे. आता वीस वर्षांची, अंगणवाडीत मदतनीस. दंतवैद्यांनी तिच्या पुढच्या चार दातांवर दाताच्याच रंगाचा लेप बसवून दिला. तो काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो आणि बाकीचे दात तसेच आहेत. हसताना हात अजून तोंडावर जातो. ती म्हणते, सवयच लागली.

तिच्या थोरल्या भावाचा मुलगा आता साडेसहा वर्षांचा आहे. विहिरीचा कठडा बांधून झाला त्याच पावसाळ्यात तो जन्मला. सहा महिने आईच्या दुधावर, मग विहिरीचे पाणी, उन्हाळ्यात टाकीचे. एक वर्ष टाकी फुटली होती, तेव्हा तीन आठवडे बोरिंगचेही. या पावसाळ्यात त्याचे खालचे दोन कायमचे दात आले. आत्या त्याला धरून माझ्याकडे घेऊन आली आणि ओठ खाली ओढून दाखवले. दोन्ही पांढरे, स्वच्छ. वरचे पुढचे दोन अजून यायचे आहेत, आणि टाकी फुटली होती ते वर्ष नेमके त्यांच्या घडणीतले. दुधाचा एक हलायला लागला आहे. आले की कळवीन.